नागावची लाट

प्रिय तालिबभाई,

काल साजगावला अक्षदाकडे तिच्या लग्नाचा अल्बम पोचवायला गेले होते. तिनं चहा पाजला, नागावच्या समुद्रावरच्या शूटिंगची आठवण काढली आणि मोबाईलवरचा एक व्हिडिओ लावला. त्या दिवशी तिच्या नवऱ्यानं, हर्षदनं गंमत म्हणून काढलेला.

त्या दिवशी निघण्यापूर्वी मी कॅमेऱ्यावर प्लास्टिकची पिशवी चढवून रबर लावला होता. लेन्स बदलायची ती गाडीत बसून, काचा वर करून, हेही तुला सांगितलं होतं. तू हसलास. "बाळंतिणीसारखं काय गुंडाळतेस गं त्याला?" पण मीही हसले होते रं. तुझ्याबरोबर बाहेर कामाला जायला मिळतंय, याचाच आनंद मोठा होता.

अक्षदाला साडी बदलायला मदत करून मी परत आले, तेव्हा तू कॅमेऱ्याची भिजलेली बॅग छातीशी धरून उभा होतास. "तू खाली ठेवून गेलीस, लाट आली बघ, कॅमेरा गेला," म्हणालास. मी कॅमेरा आत घालून बॅग लांब, सुरूच्या झाडाखाली ठेवली होती. पण तू म्हणालास म्हणून मला वाटलं, माझंच चुकलं असेल. कशेळ्याला घरी पोचेपर्यंत मी रडत आले. तू माझ्या डोक्यावरून हात फिरवत होतास.

अब्बा ओरडले नाहीत. "पोरीला न्यायलाच नको होतं," एवढंच बोलले. तेव्हापासून मी दुकानात बसून पासपोर्टचे फोटो कापते.

व्हिडिओत तू गुडघाभर पाण्यात उभा आहेस. हातातल्या कॅमेऱ्यावर पिशवी नाही. लाट येते, तू पडतोस, कॅमेरा पाण्यात जातो. मग तू उठतोस, झाडाखालची बॅग घेऊन येतोस आणि पाण्यात बुचकळतोस. काल ते बघताना अक्षदा हसत होती, तिला वाटलं तू बॅगेची वाळू धुतोयस.

कॅमेरा बुडाला याचा मला राग नाही, भाई. बॅग भिजवलीस, तेव्हा माझा विचार तरी आला होता का तुझ्या मनात?

सोमवारपासून मी खोपोलीच्या एका स्टुडिओत कामाला जाणार आहे. अब्बांनी विचारलं, "घरचं दुकान सोडून परक्याकडे का?" व्हिडिओ मी मागून घेतलेला नाही. अब्बांनी माझ्यावर विश्वास ठेवावा म्हणून पुरावा दाखवावा लागावा, हे मला नको. त्यांच्या प्रश्नाचं उत्तर तू दे. एवढ्यासाठीच लिहिलं.

अजूनही तुझीच बहीण,
अनम