सिंहाच्या कानात

२ सप्टेंबर
पोचले एकदाची कलकत्त्याला! सलीलकाकाचं घर बेहाला भागात, खाली त्याचा फोटो स्टुडिओ. लीनाकाकूने आल्या आल्या गरम लुच्या वाढल्या, म्हणजे मैद्याच्या पुऱ्या. माझ्या खिडकीतून ऑटोची रांग दिसते. काका म्हणाला, शाळा सोडलीस ना, मग इथे काम शीक. रस्त्यावरची माणसं टिपायची, रोज असतात तशी, पोझ नको. महालयापर्यंत, म्हणजे आपल्या सर्वपित्री अमावास्येपर्यंत, स्टुडिओची एक भिंत फोटोंनी भरली तर कायमची इथे. नाहीतर परत सांगली, परत तोच दहावीचा वर्ग. नकोच! त्याचा जुना जपानी कॅमेरा दिलाय, जड आहे. हे सगळं मोबाइलवर लिहितेय.

५ सप्टेंबर
नुसता वैताग. कॅमेरा वर केला की सगळे बघतात. मासेवाला मासा छातीशी धरून हसतो. चहावाला आधी केस विंचरतो. ऑटोवाला म्हणे, दीदी, पेपरात येणार का? काका म्हणतो, आधी बोल त्यांच्याशी, मग कॅमेरा विसरतात. मला बोलताच येत नाही ना! फोटो बघून म्हणाला, नूपुर, ही काय आधार कार्डं काढतेस?

९ सप्टेंबर
परत तेच. चिडून मागच्या गल्लीत घुसले. तिथे म्हाताऱ्या पालदादूंचा मूर्तींचा कारखाना आहे. मातीच्या दुर्गा, डोळे अजून नाहीत, ते महालयाला रंगवतात. बरं वाटलं, कुणीच बघत नव्हतं. आपण गणपतीच्या उंदराच्या कानात सांगतो तसं मी देवीच्या सिंहाच्या कानात सांगितलं, माझ्याकडे कुणी बघू नये, बस्स. पालदादू हिंदीत केवढे ओरडले! डोळे नसताना काही मागायचं नाही म्हणे, कोण मागतंय ते तिला दिसत नाही. मला काय माहीत? आमच्याकडे गणपती डोळ्यांसकटच येतो. बोटांना माती लागली ती वेगळीच.

१२ सप्टेंबर
भारी! आज एकानेही बघितलं नाही. चहावाला माझ्यासमोर बायकोशी भांडला, मासेवाला तोंड उघडं टाकून झोपला. काका म्हणाला, भिंत भरली समज.

१५ सप्टेंबर
काकू माझं ताटच विसरली. ऑटो थांबत नाहीत. बोटांवरची माती निघत नाही. घासली तर मनगटापर्यंत आली.

१८ सप्टेंबर
भिंत भरली. मी शेजारी उभी, आणि काका काकूला विचारतो, हे फोटो काढले कुणी गं? काकू म्हणाली, तूच काढले असशील, आपल्याकडे दुसरं कोण आहे?
मी ओरडले. आयुष्यात पहिल्यांदा एवढ्या मोठ्याने. कुणी मानसुद्धा—

२० सप्टेंबर
आईला फोन केला. नुसतं हॅलो, हॅलो. ठेवला तिने.
कोपर वाकत नाही. कॅमेऱ्याचा पट्टा मानेला चिकटलाय, मातीत—

२१ सप्टेंबर, महालया
कारखान्यात आले. सिंहाच्या कानात सांगितलं, बघू दे, कुणीही बघू दे. सांगली चालेल. शाळा चालेल—
पाय हलत नाहीत. एकच बोट चालतंय.
पालदादूंनी देवीचे डोळे रंगवले. वळले. बघितलं! माझ्याकडे! नीट, तोंडाकडे—
रडायला येतंय. पाणी येत नाही.
म्हणाले, अरे, ही एक राहिलीच की.
कुंचला बुडवला. जव—