उन्हाळी म्हणजे उकाडा नव्हे

अम्मी, आज दुपारी वाघोलीच्या पुढे एका शिलाईच्या शेडमध्ये उभी राहून मी पाण्याच्या बाटल्या बघत होते, आणि तुझ्याशी बोलावंसं वाटलं. घरात आपण आपली बोली बोलायचो, तरी हे मराठीत लिहिते आहे. माझ्या शाळेच्या पुस्तकांवरून तू मराठी वाचायला शिकलीस आणि पुढे घरात आलेला कुठलाही कागद, भज्यांचा पुडासुद्धा, वाचल्याशिवाय टाकला नाहीस. तुला जाऊन सतरा वर्षं झाली. मी आता विद्यापीठात भौतिकशास्त्र शिकवते. केस बरेचसे पांढरे झालेत, आणि मुलं मला घाबरतात असं ऐकते.

विश्रांतवाडीच्या आपल्या दोन खोल्या मला अजून दिसतात. सकाळचे सात वाजलेत, तू चुलत्यांच्या जुन्या स्टोव्हवर चपात्या भाजते आहेस, डबा भरते आहेस. शाळेचे गणवेश शिवायला तू पत्र्याच्या शेडमध्ये जायचीस, नऊपासून सहापर्यंत. डब्यासोबत पाणी कधी नेलं नाहीस. अब्बा दारातून म्हणायचे, "अगं, बाटली तरी घे." तू म्हणायचीस, "मला तहानच लागत नाही." मला त्याचा अभिमान होता. माझी अम्मी उंटासारखी आहे, असं मी मैत्रिणींना सांगायचे. बीएस्सीला गेले तेव्हा उरलेल्या गणवेशाच्या पांढऱ्या कापडाचा एप्रन तू शिवून दिलास, आतून पेनाचा चोरखिसा ठेवून. प्रयोगशाळेत सगळ्यांचे एप्रन विकतचे, ढगळ. माझा तेवढा बेतून शिवलेला.

मग मुतखडे सुरू झाले, आणि काही वर्षांनी मूत्रपिंडं थकली. डॉक्टरांनी विचारलं, "पाणी कमी पिता का?" तू तेच उत्तर दिलंस. परत येताना रिक्षात मी तुला बोलले. एवढी शिकलेली मी, आणि माझ्या आईला पाणी प्यायला सांगावं लागतं? हा नुसता हट्ट आहे तुझा. तू पदर सारखा केलास, बाहेर बघत म्हणालीस, "चुकलंच माझं." मला वाटलं, पटलं तुला.

दोन वर्षांपूर्वी आमच्याकडे एक नवा अभ्यासक्रम आला. वेगवेगळ्या विभागांतले विद्यार्थी घ्यायचे, सगळ्या जगाला भेडसावणारा एक प्रश्न त्यांच्यापुढे ठेवायचा आणि त्याचं आपल्या आसपासचं रूप शोधायला सांगायचं. यंदाचा प्रश्न होता वाढता उन्हाळा. उष्णता माझा विषय, म्हणून गट माझ्याकडे दिला. भौतिकशास्त्राचा एक, वास्तुरचनेची एक, परिचर्या शिकणारी एक, अर्थशास्त्राचा एक, आणि मराठी एमएची एक मुलगी. ही शेवटची महापालिकेत गेलेल्या एका गावातली, शेतकऱ्याची. मी विभागप्रमुखांना विचारलं, "तापमान मोजायला मराठी कशाला?" ते म्हणाले, "मलाही माहीत नाही. पण असू द्या."

आम्ही शिलाईच्या चार शेड निवडल्या. पत्र्याखाली तापमापक लावले, नोंदी सुरू झाल्या. प्रत्येकाला प्रश्नावलीतले रकाने वाटून दिले होते. तीन आठवडे झाले तरी मराठीच्या मुलीचे रकाने कोरेच. ती जेवणाच्या सुट्टीत बायकांमध्ये बसायची, त्यांच्याबरोबर मेथी निवडायची. मी सगळ्यांसमोर म्हटलं, "आपण तिथे ओव्या गोळा करायला गेला होता का?" ती उभी राहिली. "न्हाई मॅडम. आकडे न्हाईत माझ्याकडं. पण बाया बोलल्यात."

"मग वाच, काय बोलल्या ते."

तिच्या आधी भौतिकशास्त्राच्या विद्यार्थ्याने त्याचा तक्ता पडद्यावर दाखवला होता, तो अजून तसाच होता. बारावीपर्यंत तो इंग्रजी माध्यमात शिकलेला, कामात चोख. त्याच्या तक्त्यात बऱ्याच बायकांपुढे एकच नोंद होती: 'उन्हाळी लागते.' शेजारच्या रकान्यात त्याने लिहिलं होतं, 'उकाड्याचा त्रास, सौम्य.' ती मुलगी वाचायचं सोडून त्या तक्त्याकडे बघत राहिली. मग हळूच म्हणाली, "उन्हाळी म्हंजे उकाडा न्हवं. लघवीला आग होती, त्याला उन्हाळी म्हणत्यात."

परिचर्येच्या मुलीने आपली वही उघडली आणि भराभर पानं उलटली. कोणाला जळजळ, कोणाला ताप, कोणाला खडा, हे तिने तिच्या परीने टिपलेलं होतं. ती म्हणाली, "मॅडम, हा त्रास सगळ्यात जास्त आहे तो तिसऱ्या शेडमध्ये." आणि तिसरी शेड तर चारांतली सगळ्यात थंड होती, तिच्यावर कडुलिंबाची सावली होती. पारा एक सांगत होता, शरीरं दुसरंच. मग मराठीच्या मुलीने वाचायला घेतलं. तिसऱ्या शेडमधली एक बाई तिला म्हणाली होती, "हितं बायांना संडास न्हाई बघ. म्हणून सकाळच्यान पानी तोडायचं. लई कोरडं पडलं तर घोटभर, तोंड ओलं करण्यापुरतं. घरी इचारलं तर सांगायचं, तहानच लागत न्हाई."

अम्मी, हे तर तुझंच वाक्य. वर्गात कोणाला काही कळलं नाही. पस्तीस वर्षं मी उष्णता शिकवली. पत्रा किती तापतो, घाम सुकताना अंगातली उष्णता कशी नेतो, हे मला झोपेतून उठवलं तरी सांगता येतं. पण घाम यायला पाणी लागतं, पाणी प्यायला संडास लागतो, आणि संडास हवा हे बोलायला समोर कोणीतरी मेथी निवडत बसावं लागतं. हे मला मेथी निवडणाऱ्या एका तेवीस वर्षांच्या मुलीने शिकवलं. तुझा तो हट्ट नव्हता. तू रोज नऊ तास तहान मारून बसत होतीस, आणि एका मोठ्या होत चाललेल्या मुलीपुढे ते बोलायची तुला लाज वाटत होती.

पुढचं सगळं त्या पाच जणांनी केलं. मी बघत राहिले. वास्तुरचनेच्या मुलीने छताचा आराखडा बाजूला ठेवला आणि नवा कागद घेतला. बायकांच्या अटी मराठीच्या मुलीने आणल्या: दार माल उतरवतात त्या बाजूला नको, कडी आतून, आणि नळ आतच. मग आम्ही तिसऱ्या शेडच्या मालकांकडे गेलो. ते सरळ बोलणारे गृहस्थ. म्हणाले, "मॅडम, चुना मारतो, पंखे लावतो, माठ ठेवतो. संडास मागू नका. बायका तिथेच जाऊन बसतील."

अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याने विचारलं, "काका, तुम्ही दिवसातून किती वेळा उठता?"

"मला मधुमेह आहे बाबा. मला जावंच लागतं."

"त्यांनाही जावंच लागतं, काका."

मालकांनी पायात चप्पल सरकवली. मग म्हणाले, "जागा दाखवा."

आज त्याला तीन महिने झाले. शेडमागे दोन संडास उभे आहेत. छताला चुनाही लागलाय, पण त्याने पारा थोडासाच उतरला. मी दारात उभी होते. यंत्रांची घरघर चालू, आणि प्रत्येक यंत्राच्या पायाशी एक बाटली. स्टीलची, गुलाबी प्लास्टिकची, फडकं गुंडाळून ओलं केलेली शीतपेयाची जुनी. एक बाई शिवता शिवता थांबली, बाटली उचलली आणि मान वर करून गटागटा प्याली. किती साधी गोष्ट. मी अख्ख्या आयुष्यात कुठल्या प्रयोगशाळेत इतकं थक्क होऊन काही पाहिलेलं नाही. परिचर्येची मुलगी मला म्हणाली, "मॅडम, रडताय?" मी म्हटलं, "धूळ आहे." तिने पुढे विचारलं नाही. ती चांगली परिचारिका होणार.

हे विद्यार्थी मोठ्या संकटांना पुरे पडतील का, मला माहीत नाही. जग फार तापलं आहे. पण एकमेकांचा शब्द ऐकून आपली वही पुन्हा उघडणारी माणसं मी पाहिली, आणि माझ्या वयात एवढं पाहायला मिळेल असं वाटलं नव्हतं.

हे पत्र कुठे टाकणार? कपाटात राहील. पण तू कुठलाही कागद वाचल्याशिवाय सोडत नव्हतीस, म्हणून एक सांगून टाकते. माझ्या पदवीदानाला घरच्यांसाठी पास नाहीत, असं मी तुला सांगितलं होतं. पास होते, दोन. तुला तिथलं काय कळणार, असं मला वाटलं होतं.