फाटकापाशी उभी गाडी

५ एप्रिल
भडगावला पोचले. धनसिंग आबा स्वतः स्टँडवर घ्यायला आले होते, तेही मोटारसायकलवर. गाडी चालवायला ठेवलेल्या बाईला मागे बसवून न्यायचं, याचं मला हसू आलं. गावाबाहेर गिरणेच्या बाजूला त्यांचं घर, मोठं लोखंडी फाटक, आत पांढरी गाडी. काम एवढंच की आबांची सून हेमांगी हिला सातवा महिना आहे, तिला तपासणीला जळगावला न्यायचं-आणायचं आणि वेळ आली की दवाखान्यात पोचवायचं. तिचा नवरा योगेंद्र हिवाळ्यात झोपेत गेला, असं आबा म्हणाले.

माझे यजमान आधार, असते तोवर धुळे-पारोळा जीप चालवायचे. स्टेअरिंग धरायला मला त्यांनीच शिकवलं. मागच्या खोलीत त्यांचा फोटो लावला, पुस्तकं मांडली, चहा केला. खोलीला खिडकी आहे. बरं वाटलं.

७ एप्रिल
इंजिन सुरू झालं की स्टेअरिंगपुढच्या काचेतला बॅटरीचा लाल दिवा विझतो. या गाडीचा विझत नाही. कप्प्यात गाडीचं पुस्तक होतं, ते वाचून काढलं. दिवा राहिला म्हणजे बॅटरी मेली असं नव्हे. इंजिनाकडून तिला भरणा मिळत नाही, गाडी साठ्यावर चालली आहे, आणि साठा संपला की वाटेत उभी. अडलेली बाई घेऊन एरंडोलच्या रस्त्यावर उभं राहायचं नाही, म्हणून सुकलाल मेकॅनिकला बोलावलं. त्याने टर्मिनलवरचा हिरवट क्षार गरम पाण्याने धुतला, पट्टा दाबून पाहिला, मीटर लावला. भरणा बरोबर होत होता. दिवा तसाच. सुकलाल म्हणाला, अक्का, हिले दिवा आवडस, ऱ्हाऊ द्या.

११ एप्रिल
नवा पट्टा टाकला. डायनॅमो उघडून कार्बन बदलले. दिवा तसाच. वैतागून सुकलालने बॅटरीच काढून जमिनीवर ठेवली आणि मला काचेतून बघायला सांगितलं.

दिवा लाल होता.

सुकलालने पान्हे गोळा केले. जाताना म्हणाला की या गाडीवर कोणी ड्रायव्हर टिकत नाही, तुम्ही बाहेरगावच्या म्हणून तुम्हाला सांगितलं नसेल. ओट्यावरून आबा ओरडले, बाईमाणसाने गाडीच्या पोटात डोकं घालू नये.

१४ एप्रिल
हेमांगी खोलीत आली, दार लावलं आणि सांगू लागली. योगेंद्र झोपेत गेला नाही. तो पिऊन यायचा आणि फाटकापाशी हॉर्न द्यायचा, दोन आखूड, एक लांब. उघडायला तिनेच धावायचं, उशीर झाला की मार. थंडीतल्या त्या रात्री ती उठली नाही. आबाही उठले नाहीत. हॉर्न थांबला तेव्हा दोघांनाही बरं वाटलं. पहाटे फाटक उघडलं तर तो स्टेअरिंगवर पडलेला, थंड. लोकांना काय सांगायचं, म्हणून त्याला आणून पलंगावर निजवलं. पिठावरचा दिवाही पलंगापाशीच लावला.

चुकलं ते इथे. माणूस जिथे जीव सोडतो तिथेच पीठ पसरून दिवा ठेवायचा, वर टोपलं झाकायचं. सकाळी पिठावर ज्याचं पाऊल दिसेल त्या जन्माला तो गेला. याच्यासाठी गाडीत दिवा लागलाच नाही. तो अजून तिथेच बसला आहे.

आधारांच्या पिठावर काहीच उमटलं नव्हतं. कोणत्या जन्माला गेले कळलं नाही, म्हणून मी अजून चिमण्यांकडे बघते. कोणी असं मधेच अडकू नये, म्हणून आबांना सांगितलं, पिठावरचा दिवा गाडीत लावू. ते खेकसले, तुले काय करनं शे? थोड्या वेळाने स्वतःच पिठाचं ताट घेऊन आले. गाडी फाटकाबाहेर त्याच जागी लावली. ड्रायव्हरच्या सीटवर दिवा मी ठेवला.

१५ एप्रिल
टोपलं उचललं. पिठावर माणसाचं पाऊल होतं. बोटाएवढं. तान्ह्या मुलाचं.

गाडी सुरू केली. लाल दिवा विझला.

आबा रडले, मग गावात पेढे वाटले. पोरगं माझं घरी येतंय, म्हणाले. हेमांगी ओट्यावर बसून आपल्या पोटाकडे बघत होती, कोणी न विचारता मांडीवर काही ठेवून गेल्यासारखी.

२२ एप्रिल
फाटकाला आता कुलूप असतं. तपासणीला जायचं नाही, असं आबांनी बजावलं. हेमांगी म्हणते बाळ लाथ मारत नाही, दाबतं. दोनदा थोडं, मग एकदा खूप वेळ. मी हात ठेवला—

काढून घेतला.

२९ एप्रिल
तिच्या पोटावर निळे डाग. आतून. आबांना दाखवले. निरखून बघितले आणि हसून म्हणाले, बापावर गेलाय.

दिवा मी लावला. आता हिला इथून मीच काढणार.

६ मे
कळा दुपारीच सुरू झाल्या. दिवस भरलेले नाहीत. आबा मळ्यात गेलेले. कुलपावर दगड घातला, तिला मागे निजवलं, निघाले. एरंडोलपर्यंत गाडी सरळ चालली, कुठला दिवा नाही. पुढे—

उभी. रस्त्याकडेला. ऊन. १०८ला फोन केला, येतो म्हणाले. हेमांगी म्हणते लिहून ठेवा अक्का, मागून कोणी मानणार नाही.

हॉर्न वाजतोय. मी हात लावलेला नाही.

बॉनेट उघडून बॅटरीची वायर काढली. तरी वाजतोय. दोन आखूड—

ती पाय आवळून पडली आहे. तेव्हा फाटक उघडलं नाही, आज पण उघडणार नाही म्हणते—

स्टेअरिंगवर हात ठेवून पाहिला. काही थरथर नाही. आवाज इथून नाही. मागच्या सीटवरून. तिच्या पदराखाली काहीतरी लाल पेटलंय—

एक लांब. थांबतच नाही. हेमांगी, पाय नको सोडूस, मी आले, मी