आधी देव, मग पाणी

प्रिय दिनकर,

उद्या सकाळी तुला जाळणार आहेत. म्हणजे दर्भाच्या पुतळ्याला. ज्याचा देह हाती लागत नाही त्याचा असा पुतळा करून अग्नी द्यायचा, असं गुरुजींनी सांगितलं. तू असतास तर हसला असतास. मला हसू येत नाही, म्हणून लिहायला बसलेय.

आज दुपारपर्यंत तुझी आई, आमच्या आत्याबाई, याला तयारच नव्हत्या. तुझ्या मरणाची तार माझ्या कितीतरी आधी पोचली होती. तरी त्यांचं एकच, "मी मयत पाह्यली न्हाई. माझं पोरगं कशानं गेलं ते सुमननं मला सांगावं, मंग काय जाळायचं ते जाळा." मी घरीदारी सगळ्यांना ताप आला म्हणून सांगितलं होतं. त्यांना ते पटत नव्हतं. शेवटी आज मला बोलावंच लागलं. काय बोलले ते तुला कळायला हवं.

बघ, पत्रातसुद्धा 'तू' म्हणतेय! पारनेरात कायम 'अहो', आणि चारचौघांत 'हे'. लिमाच्या रस्त्यावर तूच म्हणालास, "इथं कोण ऐकतंय? नावानं हाक मार." मी इतक्या जोरात हाक मारली की पाववाला दचकून वळला. तुझे कान लाल झाले होते. आता इथे परत मी तुझं नाव घेत नाही. फक्त कागदावर घेते.

तुला कोरडवाहू शेती शिकायला लिमाच्या शेतकी कॉलेजाने बोलावलं, तेव्हा मी शाळेतून बिनपगारी रजा काढून मागे लागले. पाटल्या मोडल्या. भिंगारच्या जुन्या बाजारातून मिलिटरीच्या दोन सॅक आणल्यास. माझ्या सॅकचा पट्टा सारखा तुटायचा आणि तू चालता चालता दाभणाने शिवायचास. लोक आपल्याकडे वळून बघायचे. नऊवारीतून नुकतीच सहावारीत आलेली बाई, पाठीवर सॅक, पायात कॅनव्हासचे बूट! आत्याबाईंनी पाहिलं असतं तर काय म्हणाल्या असत्या रे?

तुझं शिक्षण संपलं आणि तू म्हणालास, आता परत कधी येणार, चल, चालत फिरू. तुझं ते "चल" मला नेहमी नडलं.

डोंगरात उंचावरच्या ला पाझला आपण बसने आणि मग बटाट्याच्या ट्रकमधून पोचलो. खोलगट परातीत वसलेलं शहर, काठावरून खाली उतरत जाणारे रस्ते. काळ्या टोप्या घातलेल्या, दोन वेण्यांच्या बायका रस्त्यावर घोंगड्या पसरून बसलेल्या. पुढ्यात वाळवलेले काळे बटाटे. पाठीला पट्ट्यापट्ट्यांच्या कापडात मूल बांधलेलं. तू म्हणालास, "नगरचा बाजारच उचलून इथं ठेवलाय." मला तेव्हाच डोकं जड वाटत होतं. तुझे ओठ काळसर दिसत होते. मी म्हटलं, थंडी असेल.

लॉजच्या मालकिणीने आपल्याला बघितलं आणि आधी खुर्चीवर बसवलं. कसल्याशा पानांचा गरम काढा पुढे केला. हाताने खुणा करून सांगत होती, झोपा, आज कुठे जाऊ नका, वर तर मुळीच नाही. मी दोन घोट घेतले. तू हातसुद्धा लावला नाहीस.

कारण तुझ्या घरची रीत! नव्या गावात पाय ठेवला की आधी त्या गावच्या देवाला जायचं, मग पाणी तोंडाला लावायचं. मुंबईच्या बंदरात पाळलीस, लिमात पाळलीस. देव कुणाचाही असो, तुला चालायचा. चर्चमध्ये जाऊन मेणबत्ती लावायचास आणि बाहेर येऊन घटाघटा पाणी प्यायचास. मी चिडवायचे, आईचं लेकरू म्हणून. तू म्हणायचास, "निघताना तिनं फक्त एवढंच मागितलंय गं."

आणि ला पाझमध्ये गावचा देव कुठे, तर टेकडीवर. खाली चौकात एवढी मोठी चर्चं होती, पण तुला कुणीतरी त्या टेकडीकडे बोट दाखवलं होतं. पारनेरचा गडी, चढ दिसला की चढायचा! मी म्हटलं, उद्या जाऊ. ऐकलंस? वीस पावलं चालायचास आणि गुडघ्यावर हात ठेवून उभा राहायचास. एका म्हातारीने तुझी बाही धरून खाली ओढलं. तू तिला हात जोडलेस आणि पुढे निघालास. वर पोचून डोकं टेकवलंस, माझ्याकडे बघून हसलास. ते हसणं मला अजून सहन होत नाही.

त्या रात्री तुझ्या छातीत घरघर सुरू झाली. दुसऱ्या दिवशी दवाखान्यातच तू प्राण सोडलास. एका नर्सला थोडं इंग्रजी येत होतं. ती म्हणाली, पहिल्या दिवशी कुणी असं चढत नाही. पडून राहिले असते, पाणी, काढा घेतला असता, तर बहुतेक वाचले असते. हे वाक्य मी तिथून इथपर्यंत एकटीने आणलं. तुला तिथेच ठेवावं लागलं, त्यांच्या दफनभूमीच्या भिंतीतल्या कोनाड्यात. जाळायची सोय नव्हती, आणि मला भाषा येत नव्हती.

तर आज दुपारी आत्याबाईंनी माझे दोन्ही हात धरले.

"खरं सांग. माझ्या पोराला काय झालं?"

"दम लागला, आत्याबाई. उंचावरचं गाव. हवा विरळ."

"मंग उंचावर कशापायी गेल्ता?"

मी हात सोडवायला गेले. त्याच म्हणाल्या, "देवाला गेल्ता का?"

"हो."

"पानी प्यायच्या आदी?"

मी काय करायला हवं होतं, दिनकर? सांग ना! नाही म्हणाले असते तर तुला आईचा शब्द मोडणारा ठरवलं असतं. मी म्हटलं, "हो. आधी देवाला गेले."

त्यांचा चेहरा सैल पडला. महिन्यात पहिल्यांदा. म्हणाल्या, "लई ग्वाड झालं. तान्हेला गेला, पर देवाचं करून गेला." मग वसंत भावजींना हाक मारून सांगितलं, पुतळा बांधायला सांग. नदी कोरडीठाक आहे, पुतळ्याच्या अंघोळीसाठी भावजींनी टँकरवरून एक घागर भरून ठेवलीय. संध्याकाळपासून भेटायला येणाऱ्या प्रत्येक बाईला आत्याबाई तेच सांगतायत. अभिमानाने! आणि मी शेजारी बसून मान डोलावतेय. मला तुझा राग येतो रे. तू सुटलास, आणि हे माझ्या गळ्यात टाकून गेलास.

एवढ्यावर भागलं असतं तर मी गिळलं असतं. पण तुझा धाकटा भाऊ, हेच वसंत भावजी, रजेवर आलाय, आणि तेराव्यानंतर त्याची पलटण लेहला जायची आहे. बर्फाच्या डोंगरात. मगाशी आत्याबाईंनी त्याच्या तोंडावरून हात फिरवला आणि म्हणाल्या, "तिथं पोचलास की आदी देवाला जा. मंग पानी. दादावानी." आणि भावजी म्हणाले, "व्हय आये."

म्हणून हा शब्द देते. उद्या तुझी आग विझली की नदीच्या पात्रातच भावजींना गाठून सगळं सांगणार. नर्स काय म्हणाली तेही. ऐकून ते आईकडे पूर्वीसारखे बघू शकणार नाहीत, हे मला माहीत आहे. नाही बघितलं तरी चालेल, पण ते जगावेत. आत्याबाईंना मात्र माझ्या तोंडून कधी कळणार नाही. त्या विचारतील तेव्हा तेव्हा मी हो म्हणेन.

तुझी,
सुमन