त्यांच्या वतीनं मी बोलले

सिस्टर, ओनिगिरीचा, म्हणजे इथल्या भाताच्या मुटक्याचा, भात किती दाबायचा, हे ओसाकात सव्वीस वर्षं राहूनही मला कळलं नव्हतं. ते मला जेवणाच्या रांगेतल्या एका म्हाताऱ्या माणसानं शिकवलं. त्याच्याबद्दल तुम्हाला सांगायचं आहे. तुम्ही गेलात तेव्हा मी इथे नवीन होते. मैत्रिणीच्या पत्रात अगदी शेवटी दोन ओळींत तुमची बातमी होती. ती वाचून मी पत्र मिठाच्या बरणीखाली ठेवलं आणि भाजी चिरायला घेतली, कारण मुलगी शाळेतून यायची वेळ झाली होती. रडायचं नंतर म्हणून ठेवलं, आणि मग ते राहूनच गेलं.

दर शनिवारी सकाळी मी स्टेशनपलीकडच्या चर्चच्या स्वयंपाकघरात जाते. एका जुन्या ख्रिस्ती संघाची माणसं तिथे बेघरांसाठी जेवण करतात. जेरुसलेमला आलेल्या आजारी यात्रेकरूंची सेवा करणारे आणि पुढे तलवारही हाती घेणारे जे नाइट्स तुम्ही इतिहासाच्या तासाला रंगवून सांगायचात, त्यांचीच ही परंपरा. घोडे गेले, तलवारी गेल्या. काळे झगे कपाटात असतात, सणासुदीला बाहेर निघतात. शनिवारी नुसते एप्रन, छातीवर शिवलेला पांढरा क्रूस. इथले प्रमुख एक निवृत्त डॉक्टर आहेत, त्यांना सगळे सेन्सेई म्हणतात. पहिल्या दिवशी त्यांनी विचारलं, "तुम्ही ख्रिस्ती का?" मी म्हटलं, "नाही. पण दहा वर्षं तुमच्या सिस्टरांच्या हातच्या पट्ट्या खाल्ल्यात." ते इतके हसले की चष्मा काढून पुसावा लागला. मग त्यांनी मला संघाची रीत सांगितली. शेकडो वर्षांपासून त्यांच्यात आजारी आणि गरीब माणसाला 'आपला धनी' म्हणतात. "आपण चाकर. नाव काय, घर का सोडलं, हे चाकरानं धन्याला विचारायचं नसतं. धनी आपणहून बोलला तर ऐकायचं." मला ते फार आवडलं. तुमच्या तोंडी शोभलं असतं.

रांगेतल्या त्या म्हाताऱ्या माणसाला मी मनात आजोबाच म्हणायची; ते पहिल्यांदा बोलले तो टोमणाच होता. मी दिलेल्या ओनिगिरीचा घास घेऊन म्हणाले, "ओकुसान," म्हणजे बाईसाहेब, "हा भात आहे की वीट?" मागचे दोघे खो खो हसले. मी ओशाळले, पण पुढच्या शनिवारी ते मुद्दाम माझ्याच टेबलाशी आले आणि हवेतल्या हवेत हात करून दाखवायला लागले. "तीन वेळा दाबायचं आणि सोडून द्यायचं. भाताला श्वास घेऊ द्या." जहाजं रंगवायचं काम करायचे एके काळी. नखांच्या कडांना अजून काहीतरी गडद लागलेलं होतं. ते झोपायचे कुठे, हे मी विचारलं नाही. बंद दुकानांच्या छपराखाली त्यांची पुठ्ठ्याची घडी मी येता-जाता पाहत होते, नीट दोरीनं बांधलेली, कचऱ्याच्या दिवशी कुणी उचलू नये म्हणून वर 'वापरात आहे' असं सुबक अक्षरांत लिहिलेली.

या हिवाळ्यात त्यांना खोकला झाला. तो ऐकून मला घरी चैन पडेना. इथे सरकारकडून मदत मिळते, सिस्टर, खोली मिळते, औषधपाणी मिळतं, फक्त अर्ज करावा लागतो. आणि अर्ज हे माझं क्षेत्र. नव्यानं आलेल्या किती मराठी बायकांबरोबर मी वॉर्ड ऑफिसच्या खिडकीवर उभी राहिले आहे. मी आजोबांना म्हटलं, "माझ्याबरोबर चला." ते म्हणाले, "नको. तिथे गेलं की, सांभाळता का असं विचारायला, घरी पत्र जातं." घरी कोण, तर दूर दक्षिणेला एक लेक. मग तर मी हट्टालाच पेटले. "लेक आहे? मग बरंच झालं की! आमच्याकडे लेकीला कळलं तर ती पायात चप्पल न घालता धावत येईल." ते गप्प राहिले. या देशात गप्प राहण्याचा अर्थ काय होतो, ते मला कळायला हवं होतं. इतकी वर्षं शेजाऱ्यांच्या गप्प राहण्यावरूनच मी सगळं ओळखत आले आहे. त्या दिवशी मात्र मी तो होकार धरला.

वॉर्ड ऑफिसमधली मुलगी भली होती. तिनं फॉर्मवरच्या नातेवाइकांच्या रकान्यावर बोट ठेवून अगदी हळू आवाजात विचारलं, "लेकीला कळवू नये असं काही कारण आहे का? असेल तर सांगा, आम्ही विचार करतो." आजोबांनी माझ्याकडे पाहिलं. मी आता डोळे मिटले तरी ते पाहणं दिसतं. त्यांना वाटलं असेल, ही परदेशी बाई इतकी धडपडतेय, हिच्यासमोर कसं सांगावं. मी हसून त्या मुलीला म्हटलं, "नाही नाही, कारण कसलं? कळवा तुम्ही." प्रश्न त्यांना होता, सिस्टर. उत्तर मी दिलं.

नववीत असताना तुम्ही आम्हाला कॉन्व्हेंटच्या मागच्या वृद्धाश्रमात न्यायचात. मी अंगात आल्यासारखी झाडलोट करायची. एकदा एका आजीच्या गादीखाली भाकरीचे वाळके तुकडे सापडले, बुरशी धरलेले. मी ते सगळे गोळा करून कावळ्यांना घातले आणि शाबासकीची वाट पाहत उभी राहिले. आजी लहान पोरासारखी रडायला लागली. दुष्काळात तिची दोन मुलं गेली होती, तेव्हापासून भाकरी साठवल्याशिवाय तिला झोप येत नसे, हे मला नंतर कळलं. तुम्ही ओरडला नाहीत. तुमच्या गोव्याकडच्या हेलात एवढंच म्हणालात, "विचारलंस गो तिला?" मग स्वयंपाकघरातून भाकरी मागून आणल्यात, आणि मी तीन दिवस शाळा सुटल्यावर गच्चीवर बसून ते तुकडे वाळवले, माश्या वारत. चौथ्या दिवशी मी ते कापडात बांधून आजीला दिले. तिनं एकेक मोजून पाहिला आणि माझ्या गालावर हात फिरवला. चूक करून तीन दिवसांत सुटका झाली, असं पुन्हा आयुष्यात कधी झालं नाही.

महिन्याभरानं आजोबा रांगेत आले, जेवण घेतलं आणि बाजूला उभे राहिले. मी जवळ गेले. खोली मंजूर झाली होती. मी टाळीच वाजवली. ते म्हणाले, "लेकीचा ऑफिसात फोन आला होता. तिला वाटत होतं, मी मेलो. घरात माझा फोटो लावलाय तिनं. रोज उदबत्ती लावते म्हणे. चांगला बाप होता असं नातवंडांना सांगते." थोडा वेळ सूप ढवळत राहिले, प्यायले नाहीत. मग म्हणाले, "आता तो फोटो उतरवावा लागेल तिला." आवाजात राग नव्हता. त्यांनी तो वाडगा तसाच दोन्ही हातांनी परत दिला, वाकले, नेहमीपेक्षा जरा जास्त वेळ वाकले, आणि गेले. खोलीची किल्ली न्यायला ते गेलेच नाहीत. दुकानांच्या छपराखाली पुठ्ठ्याची घडी नाही, दोरी नाही. मी आसपासची चार स्टेशनं पालथी घातली, कोंबिनीतल्या, म्हणजे रात्रभर उघड्या दुकानांतल्या, पोरांना विचारलं, नदीकाठी बेघरांनी बांधलेल्या निळ्या ताडपत्र्यांमध्ये जाऊन पाहिलं. इथे ज्याला सापडायचं नाही तो सापडत नाही.

गेल्या शनिवारी तांदूळ धुताना सेन्सेई माझ्या शेजारी येऊन उभे राहिले. आजोबा येईनासे होऊन दहा आठवडे झाले, म्हणाले. "त्यांना कुणी काही विचारलं असेल का? आपल्यापैकी कुणी?" नळ चालू होता. मी म्हटलं, "मला काही कल्पना नाही." ते म्हणाले, "माझंच लक्ष कमी पडलं असेल," आणि वाकून तांदळाचं दुसरं पोतं उचलायला लागले. ऐंशीच्या घरातला माणूस. मी पोतं धरायला हात लावला.

म्हणून तुम्हाला लिहिते आहे. घरी कुणाला सांगितलं तर म्हणतील, तू भल्यासाठीच केलंस ना? तुम्ही तसं म्हणणार नाही, हे मला माहीत आहे. पण तुम्ही आता काहीच म्हणणार नाही, हेही माहीत आहे, आणि खरं सांगायचं तर त्याचाच आधार वाटतो. हे पत्र सेन्सेईंना लिहायला हवं होतं. इतके दिवस मी स्वतःला सांगत आले की एवढं सगळं जपानीत मांडणं मला जमणार नाही. जमतं, सिस्टर. एकही शब्द अडत नाही.