नव्या कुडाला आलेला बुरा

शेंडी (भंडारदरा), ता. ६ ऑगस्ट १९७१

तीर्थस्वरूप दादांस धाकट्या भागिरथीचा शि. सा. न. वि. वि.

इकडं समदी खुशाल. तुमी मास्तर असून पत्र लिहायचा कंटाळा करता, म्हनून मीच लिहिते.

नवं घर उभं राहिलं. वाटण्या झाल्यावर थोरल्या जावेच्या, रंगुबाईंच्या पडवीत किती दिवस काढायचे? म्हनून भर पावसाळ्यात कारवीचे कूड घालून शेणामातीनं लिंपून घेतले. मला सातवा लागलाय. आई असती तर माहेरी आले असते. आता बाळंतपण नव्या घरातच करायचं, असं ह्यांनी ठरवलंय. पण दादा, कूड वाळंनात, म्हनून निजणं अजून पडवीतच. आतल्या अंगाला पांढरा बुरा आलाय, हात लावला की कापसावानी लागतो.

त्याहून वाईट सांगते. मी भाताच्या खाचरात गेले की नव्या घरात कुनीतरी येतं. लावलेल्या खिडक्या उघड्या सापडतात, भिंत खरवडलेली असती, भुईवर राख. काल रंगुबाईंना दारातून निघताना पाहिलं. पदराखाली काहीतरी हुतं. वाटणीपास्नं आमचं बोलणं बंद हाय, विचारू कसं? लई भ्या वाटतंय.

तुमच्या मायेच्या भरवशावर,
भागिरथी

घोडेगाव, ता. १४ ऑगस्ट १९७१

चि. सौ. भागिरथीस अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र वाचून दाखवले तेव्हा तुझ्या वहिनीच्या हातातली भाकरी हातातच राहिली. करणीबिरणी मी मानत नाही, पण माणसाचा मत्सर मानतो. लिंपण ओले राहावे म्हणून ती बाई पाणी शिंपडत असणार. घर नासले की तुम्ही कंटाळून जागा सोडाल, असा तिचा हिशेब. आमच्याकडे मातीच्या भिंती चार उन्हांत खडखडीत होतात. तुझ्याच भिंतींना काय धाड भरली?

दाराला कुलूप घाल. खिडक्या खिळे मारून बंद कर. घटस्थापनेच्या आधी मी येतो आणि तुझ्या थोरल्या दिरासमोर सोक्षमोक्ष लावतो. तोवर तिच्या हातचे पाणीसुद्धा घेऊ नकोस.

प्रकृतीस जपावे, हेच मागणे.
तुझा दादा, गहिनीनाथ

शेंडी, ता. ४ सप्टेंबर १९७१

तीर्थस्वरूप दादांस भागिरथीचा शि. सा. न. वि. वि.

तुमी सांगितलं तसं कुलूप घातलं, खिडक्या ठोकल्या. आठ दिवसांनी उघडलं तर कुबट वासानं जीव घुसमटला. पांढरा बुरा काळा पडला हुता, लिंपण बोटानं निघत हुतं. पाणी शिंपडायला तर कुनी आत गेलंच न्हवतं! मग मी कुलूप काढलं, खाचरात जाते असं दाखवलं आन गोठ्यात बसून राहिले.

रंगुबाई आल्या. पदराखालनं निखाऱ्यांचं खापर काढून भुईवर ठेवलं, खिडक्यांचे खिळे उपटले, बुरा खरवडला आन चुन्याची निवळी फडक्यानं भिंतीला लावाय लागल्या. मी पुढं झाले, विचारलं, हे चोरून कशापायी? त्यांनी फडकं खाली ठेवलं. मग म्हनाल्या, त्यांचं पहिलं लेकरू असल्याच ओल्या कुडाच्या खोलीत झालं हुतं. त्याला खोकल्यानं धरलं ते सोडलंच न्हाई. दीड महिन्याचं हुऊन गेलं. पोटुशीपुढं ते कसं काढायचं? आन नव्या घरात खोट काढली असती, तर मी जळते असंच तू समजली असतीस, असंही म्हनाल्या.

दादा, आपण दोघं तेच समजलो हुतो. खाली बसले आन निखारे फुंकत राहिले.

आता खिडक्या दिसभर उघड्या असतात. कुडाचं खालचं अंग वाळत आलंय. वेळेत न्हाईच वाळलं तर त्या आपली आतली खोली मला मोकळी करून देणार हायेत.

तुमी घटस्थापनेआधी जरूर या, पण दिरापुढं एक शब्द काढू नका. वरच्या अंगाचा बुरा अजून राहिलाय. मला त्या हात वर करू देत न्हाईत, त्यांचा तिथवर पोचत न्हाई. तुमी उंच हायसा.

माया हाय तशीच राहू द्यावी.
तुमची भागिरथी