आपोआप कारभार

ता. ३ मार्च

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

आपल्या राज्यांच्या डावातली तुझी कालची खेळी संगणकावर उघडली आणि कपाळाला हात लावला. राजधानी सोडून सहाही शहरांत बघावं तिथे कोठारंच! माझी फौज वेशीवर आली तरी तट बांधायचं नाव नाही. शहरं ‘आपोआप कारभारा’वर टाकलीस ना? मी एकदा टाकली होती, तेव्हा ‘आळशी राणी’ म्हणून वर्षभर चिडवलंस. विहीर कुठे खणायची हेसुद्धा यंत्राला विचारू नये, असं म्हणणारा तूच ना? आता भोग, आळशीराव!

वहिनीला नमस्कार. राग नसावा, लोभ मात्र असू दे.

तुझी,
बुटकी

ता. ११ मार्च

चि. बुटकीस,
अ. उ. आ.

मी सांगतोय, वहिनी लिहितेय. चोरी पकडलीस. दुखणं हातातून बोटांत उतरलं. आधी एकच शहर सोडलं, मग एकेक करत सहा. राजधानी तेवढी माझ्याकडे आहे, उजव्या अंगठ्याच्या जोरावर. गेलेलं बळ परत येणार नाही, म्हणाले डॉक्टर. राहिलेलं किती दिवस पुरेल विचारलं, तर त्यांनी विषयच बदलला.

गंमत म्हणजे सोडलेल्या शहरांत प्रजा वाढली. माझ्यावाचून कुणाचं काही अडलं नाही. फार वाईट वाटलं गं.

दहा वर्षांत एकदाही मला हरवलं नाहीस. अंगठा चालतोय तोवर ये आणि राजधानी घे. दयामाया नको. हरायचं तर माझ्या हातानं हरेन.

आशीर्वाद आहेतच, ते पुरवून वापर.

तुझा,
दादा

ता. २ एप्रिल

चि. वन्सं,
अ. आ.

काल तुम्ही राजधानी घेतलीत. अभिनंदन लिहायला बसले, पण खोटं लिहवत नाही.

तुम्ही तीन आठवडे वेशीवरच थांबलात. ह्यांना आणखी थोडे दिवस खेळता यावं म्हणूनच ना? आम्हा दोघांनाही ते कळत होतं. पण अंगठा वीस तारखेलाच थांबला. त्यांनी मला राजधानीही कारभारावर टाकायला लावली आणि तुम्हाला कळवू नको म्हणाले. त्यानंतर प्रत्येक खेळीला ‘पुढे’चं बटण मीच दाबत होते. मला त्यातलं ओ की ठो कळत नाही. तुम्ही हरवलंत ते यंत्राला, वन्सं.

परवापासून बोलणंही गेलं. नवा डाव मांडायचा का, असा प्रश्न पडद्यावर आलाय. हे सकाळपासून तिकडेच बघतायत. हो म्हणतायत की नको, मला समजत नाही. तुम्हीच सांगा, काय दाबू?

आमच्यावरची माया पातळ होऊ देऊ नका.

तुमची,
वहिनी